विहिणीचा शापान आणि संग्रहालयाचा शिक्का

मुलीची पाठवणी ही भावनेची बाब असते आणि विहिणीला द्यायचा शापान, म्हणजे मानाचा अंगरखा, ही धोरणाची. रडू आपोआप येतं. शापान आणावा लागतो.

माझ्या वहिनीची, बातिमाची, मुलगी झानेरके बिश्केकच्या एका घरात द्यायची ठरली. रीतीप्रमाणे तिची होणारी सासू बुरुलाय सीमा ओलांडून अल्माटीला आमच्याकडे आली. तिने झानेरकेच्या कानांत सोन्याचे डूल घातले, घोड्याच्या मांसाचं ताट शेवटपर्यंत निभावलं आणि निघताना गाडीच्या खिडकीतून म्हणाली, "विहीणबाई, आम्हाला काही म्हणजे काही नको हं. मनापासून एखादी आठवण द्या, बस्स."

गाडी कोपऱ्यावरून वळली आणि वहिनी पायरीवरच बसली. तिने मागण्या केल्या असत्या तर घासाघीस करता आली असती. 'काही नको' या मागणीला वरची मर्यादाच नसते.

"तिच्या खांद्यावर शापान घालावाच लागणार," वहिनी म्हणाली. "आणि चांगला."

"बाराखोल्काच्या बाजारातून आणू," माझा भाऊ सेरिकबोल म्हणाला. तो फार कमी बोलतो, आणि बोलला की आपण का बोललो याचा विचार करत बसतो.

"अहो, बाजारचा शापान कुणी घालतं का?"

हे मात्र खरं. जरीच्या काठाचा तो लांब मखमली अंगरखा घालण्यासाठी नसतोच. तो पाहुण्याच्या खांद्यावर ठेवतात, फोटो निघतो, मग त्याची घडी होते, घडी कपाटात जाते आणि पुढच्या सोयरिकीत दुसऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसते. वहिनीने एकदा भाच्याच्या सासरी असाच एक दिला होता. त्याच्या काखेत चहाचा डाग होता, तो तिने घडीत दाबला. काही वर्षांनी भलत्याच सोयऱ्यांनी तो तिच्याच खांद्यावर घातला. डाग जागच्या जागी होता. वहिनीने डोळ्यांत पाणी आणून आभार मानले, आणि महिन्याभरात तो पुन्हा वाटेला लावला. आमच्या कुटुंबात त्या शापानाएवढा प्रवास कुणाचाच झालेला नाही.

"बुरुलायला असला भटक्या शापान नाही चालायचा," वहिनीने निर्णय दिला. "बघणारीने विचारलं पाहिजे, कुठून आणला? आणि विहिणीने म्हटलं पाहिजे, वरून."

आमच्या शहरात दिशा दोनच, वर आणि खाली. वर डोंगर, खाली बाजार. वर जाताना हवा विरळ होते, घरभाडं दाट होतं आणि माणसाचा आवाज हळू होतो. संग्रहालयाच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत तर तो जवळजवळ बंदच पडतो. तिथली दुकानं म्हणजे आमच्याकडे ऐपतीचा पुरावा मानला जातो. तिथे आम्ही तिघे एका सकाळी गेलो.

दुकानाला पाटी नव्हती. पाटी असली की कुणीही आत येतं. दाराला घंटा होती. ती वाजवली की काचेपलीकडची मुलगी आपल्या बुटांकडे बघायची आणि मग ठरवायची. माझे बूट बघून तिने विचार करायला वेळ घेतला. वहिनीचे नवे होते, म्हणून दार उघडलं. सेरिकबोल गाडीतच बसला होता. त्याने आपले बूट ओळखले होते.

आत एकच वस्तू. काचेच्या पेटीत, दिव्याच्या झोतात, एक तपकिरी शापान. संग्रहालयातही असंच असतं, फक्त तिथे पेटीवर धूळ असते. लोकांची गफलत व्हायची, असं त्या मुलीनेच सांगितलं. तिचं नाव आदेलिना. एकदा शाळेची सहल चुकून इथेच आली आणि मास्तरांनी या पेटीसमोर सविस्तर माहिती दिली. "आम्ही थांबवलं नाही," आदेलिना म्हणाली. "माहिती बरोबर होती."

"हा शापान केवढ्याला, बेटा?" वहिनीने विचारलं.

"हा शापान नाही, काकू. ही स्मृती आहे."

"बरं, स्मृती केवढ्याला?"

आदेलिनाने डोळे मिटले. इथे भाव तोंडाने सांगत नाहीत. तिने जाड कागदाच्या तुकड्यावर काहीतरी लिहिलं, तो पालथा घालून पुढे सरकवला आणि खिडकीबाहेर बघू लागली. वहिनीने तो उलटला, परत पालथा घातला आणि तीही खिडकीबाहेर बघू लागली. मीही बघितलं. बाहेर माझा भाऊ गाडीत बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. त्याला अजून काही माहीत नव्हतं.

"थोडं कमी जास्त..." वहिनीने सुरुवात केली.

"काकू, शेजारी संग्रहालय आहे," आदेलिना कुजबुजली. शेजारी कुणी आजारी माणूस झोपला असावा, असा तिचा सूर होता.

"निदान अंगावर घालून बघू का?"

"स्मृती घालून बघत नाहीत, काकू. ती जपतात."

शापान वहिनीने एकदाच पाहिला. तिचं मन बसलं ते सोबतच्या वारसापत्रावर. सोनेरी कडांच्या कागदावर लिहिलं होतं: 'सदर शापान एका अनाम राजकन्येच्या समाधीतील नक्षीवरून हाताने विणलेला असून त्याची दुसरी प्रत होणे नाही. हा लोकांच्या आत्म्याचा अमूल्य ठेवा आहे.' खाली सही: कायरबेक सादिकोविच, तज्ज्ञ सल्लागार. वहिनीने ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं आणि गाडीत भावाला वाचून दाखवलं. भावाने किंमत विचारली. वहिनी खिडकीबाहेर बघू लागली.

लग्नाचा मोठा समारंभ शनिवारी बिश्केकमध्ये होता. शुक्रवारी रात्रीच्या जेवणात, सगळ्या सोयऱ्यांसमोर, विहिणीच्या खांद्यावर शापान घालायचा होता. झानेरके आधीच तिकडे पोहोचली होती. आम्ही गुरुवारी निघालो. कोर्दाईच्या सीमेवर पोहोचेपर्यंत वहिनीने ती पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आमच्यापुढे बायकांची रांग होती. प्रत्येकीजवळ गाठोडं, प्रत्येक गाठोड्यात शापान. सीमाशुल्काचा तरुण अधिकारी गाठोड्यांकडे बघत नव्हता, जांभया देत होता आणि हाताने 'जा, जा' करत होता. वहिनीला नेमकं तेच सहन झालं नाही.

"काय आहे?" त्याने विचारलं.

"शापान."

"जा."

"जा काय? बाळा, जरा हात पुसून बघ. हा साधा नाही."

"बरं. जा."

"अरे, वाच तरी!" आणि वहिनीने ते सोनेरी कडांचं वारसापत्र त्याच्या नाकाखाली धरलं. मी तिची बाही धरून ओढत होतो, पण अमूल्य ठेवा जवळ असलेली बाई ओढली जात नाही.

त्याने वाचलं. त्याची जांभई अर्ध्यात थांबली. त्याने टोपी सरळ केली आणि विचारलं, "काकू, हा लोकांच्या आत्म्याचा अमूल्य ठेवा आहे?"

"तर!"

"आणि तो तुम्ही परदेशात नेताय?"

"परदेशात कुठे? बिश्केकला."

अधिकाऱ्याने नियम सांगितला. सांस्कृतिक ठेवा देशाबाहेर नेता येत नाही. न्यायचाच तर 'हा ठेवा नाही' असा संग्रहालयाच्या समितीचा गोल शिक्क्यानिशी अभिप्राय लागतो. अभिप्राय नसेल तर त्याला तस्करी म्हणतात.

"तस्करी काय? माझ्या मुलीचं लग्न आहे!"

"काकू," तो समजुतीने म्हणाला, "तस्करीचा अर्धा माल लग्नाचाच असतो."

आम्ही परत फिरलो. मागच्या रांगेतली एक बाई, तिच्या गाठोड्यातून बाजारच्या शापानाची जरीची बाही लोंबत असताना, आमच्याकडे सहानुभूतीने बघत सीमा पार करून गेली.

"एखादा मेंढा कापू, गालिचा देऊ," भाऊ म्हणाला.

"तुम्हाला दोघा भावांना काय कळणार?" वहिनीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "उद्या रात्री मी तिच्या खांद्यावर काही घातलं नाही, तर माझी झानेरके त्या घरात जन्मभर चहा ओतेल, आणि प्रत्येक पेल्याबरोबर ऐकेल की हिच्या आईचे हात रिकामे होते."

 झानेरकेला ऐकून घ्यायची सवय नाही. ती आमच्याच घरातली आहे.

शुक्रवारी दुकान उघडायच्या आधीच आम्ही घंटेला हात लावून उभे होतो. आदेलिनाकडून आम्हाला फक्त एवढंच हवं होतं, की शापान साधा आहे असं तिने एका ओळीत लिहून द्यावं.

"काकू, 'नवा' असं लिहून देते. 'साधा' नाही लिहिता येणार. बाकीच्या ग्राहकांनी काय करायचं?"

"बाकीचे? याची दुसरी प्रत नाही ना?"

आदेलिनाने खिडकीबाहेर बघितलं.

मग संग्रहालय. अभिप्राय देणारी समिती, दारावरच्या सूचनेप्रमाणे, महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी बसत असे. आत टेबलामागे एक गोलसर गृहस्थ चहात तळलेला बाउर्साक बुडवून खात होते. टेबलावर नावाची पाटी होती: कायरबेक सादिकोविच, तज्ज्ञ. मी वारसापत्र त्यांच्यासमोर ठेवलं.

"ही सही तुमची ना?"

"ती सल्लागाराची," ते शांतपणे म्हणाले. "इथे मी तज्ज्ञ आहे. सल्लागार काय बोलतो, त्याला तज्ज्ञ जबाबदार नसतो."

"पण दोघे एकच आहात."

"कार्यालयीन वेळेत नाही."

मी म्हणालो, "सीमेवरच्या साहेबांना ही सही फार आवडली. कुणाची म्हणून विचारत होते."

कायरबेक सादिकोविचनी बाउर्साक बशीत ठेवला. "समिती आत्ताच बसेल," ते म्हणाले.

समितीत अध्यक्ष, वस्त्रतज्ज्ञ आणि सदस्य सचिव असतात. पहिल्या दोन जागा बरेच दिवस रिकाम्या असल्यामुळे त्यांचा अतिरिक्त कार्यभार सदस्य सचिवांकडे होता, आणि सदस्य सचिव हेच होते. त्यांनी दार लावलं, भिंग काढलं आणि शापान उलटा केला.

"अस्तर कृत्रिम," वस्त्रतज्ज्ञ म्हणाले.

"नोंद घेतली," सदस्य सचिव म्हणाले.

"शिवण यंत्राची. अनाम राजकन्येकडे यंत्र असल्याचा पुरावा उपलब्ध नाही."

"नोंद घेतली."

"नक्षी मेंढ्याच्या शिंगांची. आमच्या स्वयंपाकघरातल्या पडद्यावर आहे तीच."

प्रत्येक वाक्यागणिक वहिनी आक्रसत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अहो, हात तरी लावून बघा! उंटाची लोकर आहे!"

कायरबेक सादिकोविचनी हात लावला. "उंटाचा यात सहभाग आढळत नाही," ते म्हणाले.

"वहिनी," मी कुजबुजलो, "ते नाही म्हणतायत, तेच आपल्याला हवंय."

"हवंय हो, भाऊजी. पण असं तोंडावर?"

"आपला आक्षेप असेल तर फेरतपासणी करता येईल," अध्यक्ष म्हणाले. "वस्तू अमूल्य ठरली तर मात्र ती इथेच ठेवावी लागेल. काचेच्या पेटीत, खाली देणाऱ्याच्या नावाची पाटी."

 वहिनीची नजर दाराच्या काचेतून बाहेरच्या एका रिकाम्या पेटीवर गेली आणि तिथे थोडी रेंगाळली.

"पाटी केवढी असते?" तिने विचारलं.

"वहिनी! झानेरके!"

ती भानावर आली. अध्यक्षांनी मत दिलं, वस्त्रतज्ज्ञांनी अनुमोदन दिलं, सदस्य सचिवांनी लिहिलं: 'सदर वस्तूस ऐतिहासिक, कलात्मक, वैज्ञानिक अथवा अन्य कोणतेही मूल्य नाही.' मग गोल शिक्का, निळा आणि ठसठशीत. "निर्णय एकमताने झाला, याचं समाधान वाटतं," कायरबेक सादिकोविच हस्तांदोलन करत म्हणाले. "रडता कशाला, ताई? या कागदासाठी लोक महिनोन्महिने खेटे घालतात."

सीमेवर त्याच तरुणाने शिक्का पाहिला आणि जांभई देत हात हलवला. पलीकडे गेल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, फाडा तो कागद. आत्ता. माझ्या डोळ्यांसमोर."

मी तिच्या डोळ्यांसमोर सीमेवरच्या चहाचं बिल फाडलं आणि खिडकीबाहेर सोडलं. गोल शिक्क्याचा कागद फाडणं माझ्या हातून होत नाही. हाताला तशी सवयच नाही.

बिश्केकच्या त्या हॉलमध्ये दिव्यांचा लखलखाट होता. शिजवलेलं मेंढीचं डोकं मानाच्या पाहुण्यासमोर जाऊन पोहोचलं होतं, पोरांनी उधळलेली मिठाई लहानमोठ्या सगळ्यांची वेचून झाली होती. झानेरके नव्या सुनेच्या रुमालात, किटलीपाशी. ज्याची दुसरी प्रत होणे नाही असा शापान घातलेल्या आणखी दोन बायका मला खांबाजवळ दिसल्या. मी वहिनीला त्या बाजूला बघू दिलं नाही.

वहिनी उठली. तिने बुरुलायच्या खांद्यावर शापान घातला आणि वारसापत्र खणखणीत आवाजात वाचलं. राजकन्या, समाधी, लोकांचा आत्मा, सगळं. टाळ्या पडल्या. बुरुलायने वहिनीच्या दोन्ही गालांचे मुके घेतले, वारसापत्राची घडी करून ते सॅलडच्या वाडग्याखाली सरकवलं, आणि वहिनीच्या कानाला लागून म्हणाली, "आणि दुसरा कागद, विहीणबाई?"

"दुसरा कुठला?"

"अहो, शिक्क्याचा. याला काही किंमत नाही असा. सीमेवर मागितला असेल ना त्यांनी?"

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. तिला वाटलं, सगळं कळलं. अस्तर, यंत्र, उंट, सगळं. ती ताठ झाली आणि म्हणाली, "विहीणबाई, आम्ही दिलेल्या वस्तूला असले कागद नसतात. आमचा शापान अमूल्य आहे."

बुरुलायचं हसू मावळलं. "म्हणजे कागद नाही?"

"नाही."

"अहो, पण आमच्या धाकटीची सोयरीक ताश्कंदला जमतेय! पुढच्या महिन्यात सीमा ओलांडून तिकडच्या विहिणीला..." ती थांबली. तिने मान खाली घालून अंगावरच्या शापानाकडे पाहिलं, मग पदराएवढ्या लांब बाह्यांकडे पाहिलं. "म्हणजे आता हा मलाच घालावा लागणार?"

टेबलाभोवती कुजबुज सुरू झाली. बुरुलायची थोरली जाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कागदाशिवाय दिला? पहिल्याच दिवशी घरात अडगळ! आता सून काय काय आणेल कोण जाणे." किटली धरलेला झानेरकेचा हात पेल्यावरच थांबला. आपल्या आईने नेमकं काय केलं, ते तिला कळलं नव्हतं. पण या घरात त्याची आठवण कितीदा निघेल, ते मात्र कळलं होतं.

मी उठलो. कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला आणि बुरुलायच्या हातात दिला. वहिनीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तिचा दीर म्हणून माझे दिवस भरले असं मला वाटलं.

बुरुलायने चष्मा लावला. आधी शिक्का बघितला, मग मजकूर. आणि मग तिने तो उभं राहून मोठ्याने वाचला. "ऐतिहासिक, कलात्मक, वैज्ञानिक अथवा अन्य... कोणतेही... मूल्य... नाही!"

सगळा हॉल टाळ्यांनी दणाणला. वारसापत्राला पडल्या होत्या त्यांपेक्षा या टाळ्या कितीतरी मोठ्या होत्या. थोरल्या जावेनेही वाजवल्या, मग कागद हातात घेऊन शिक्का बोटाने चाचपला आणि मान डोलावली. "खरा आहे," ती म्हणाली. "निळा."

"अशी माणसं मिळत नाहीत हो आजकाल!" बुरुलायने वहिनीला मिठी मारली. "देतात सगळेच. पण पुढचा विचार करून कोण देतं?"

झानेरकेने पहिला चहा आईला ओतला, मानाच्या माणसाला देतात तसा, अर्धाच पेला. वहिनीने तो घेतला आणि इतक्या हळू प्यायली, की मला वाटलं ती त्यातच काहीतरी शोधतेय.

दुसऱ्या दिवशी समारंभ उरकून निघताना बुरुलायने परतभेट म्हणून वहिनीच्या हातात लोकरी नमद्याचा एक मोठा, रंगीत गालिचा दिला. त्याच्या घड्या इतक्या जुन्या होत्या, की तो उलगडला असता तर दुखावला असता. "ही आमच्या घराण्याची खास आठवण, विहीणबाई. लाखात एक."

"कागद?" वहिनीने विचारलं.

"पिनने लावलाय."

वहिनीने कोपरा उचलून तिकडच्या संग्रहालयाचा शिक्का बघितला आणि तिच्या चेहऱ्यावर, लग्न ठरल्यापासून पहिल्यांदा, खरा निवांतपणा आला. सीमेवर त्या तरुणाने सवयीने विचारलं, "काकू, किमती काही?"

"काही नाही, बाळा," वहिनी म्हणाली. "लेखी आहे."

गालिचा सध्या आमच्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. उलगडायची कुणालाही परवानगी नाही. वहिनीच्या भाचीचं लग्न ठरतंय, असं ऐकतो.

तुम्ही हे वाचून हसत असाल, तर जरा उठा आणि आपल्या कपाटाची वरची फळी बघा. तिथे एक पिशवी आहे. वस्तूची घडी मोडलेली नाही, देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी तेवढी काढून टाकली आहे, आणि ती कुणाला 'मनापासून' द्यायची हेही तुमचं ठरलेलं आहे. तुमच्याकडे अजून शिक्क्याची पद्धत नाही, म्हणून तुम्ही तिला भेट म्हणू शकता. फक्त देण्याआधी काखेत एकदा बघून घ्या. चहाचा डाग असला तर तो आमचाच. संकोच करू नका. डाग आत येईल अशी घडी घाला आणि त्याला पुढे जाऊ द्या.